तुळशीकाकांचा फळा

तुळशीकाकांचा 'ळ' निर्मळ गावात कुणीही ओळखेल. दोन गोल शेजारी शेजारी, डावा उपाशी, उजवा जेवलेला, आणि शेवटी अशी शेपटी की वाटावं हा आत्ता उठून चालू लागेल. देवळाच्या वाटेवर, चुरींच्या वाडीच्या कुंपणाला एक काळा फळा टांगलेला असायचा आणि त्यावर हा ळ रोज सकाळी खडूने उमटायचा. भावकीत कोण गेलं, कुणाला मूल झालं, सुतक कुठल्या घरांना आणि कुठल्या तारखेपर्यंत, साखरपुडा कुणाचा. सुतकात चूक झाली की पंचाईत. एखाद्याने दहाव्याच्या आत सत्यनारायण घातला तर म्हाताऱ्या बायका वर्षभर त्याच्याकडे बघून चुकचुकायच्या. म्हणून फुलांच्या करंड्या घेऊन सायकलीवरून जाणारा माणूस तिथे एक पाय टेकायचा, फळा वाचायचा, मगच पुढे जायचा.

तुळशीकाका म्हणजे तुळशीदास चुरी. वय सदुसष्ट. उंच, जरा वाकलेले. बोलतात असं की प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवून, एखादं अक्षर उलटं नाही ना ते बघून, मग तोंडावाटे छापतायत. ते खोटंही नाही. एकतीस वर्षं ते मुंबईच्या एका छापखान्यात होते, आधी शिशाचे खिळे जुळवायचे, मग संगणक आल्यावर संगणकावर. लग्न केलं नाही. थोरली बहीण प्रेमलता, तिनेही केलं नाही. मागे केळी, पुढे सोनटक्का, मधे कौलारू घर, आणि आत ही दोघं दिवसभर एकमेकांना दुरुस्त करत बसलेली.

"तुळशी, आमटीत मीठ नाही."

"तू घातलं नाहीस."

"तू आठवण केली नाहीस."

हे रोज, आवाज न चढवता. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

मग भावकी पांगली. कुणी विरारला फ्लॅट घेतले, कुणी बोरिवलीला, एक जण दोह्याला गेला. फळा कुंपणावर आणि वाचणारे सातव्या मजल्यावर. निवृत्त झाल्यावर काकांनी कुंपणावरचा फळा उतरवला आणि वेबसाईटवर नेला. पण कुठल्या तरी परक्या अक्षरात सुतक सांगायचं त्यांना पटेना. त्यांनी पाटीवर खडूने एकेक अक्षर काढलं, त्याचे फोटो घेतले, आणि आठ महिने संगणकासमोर बसून त्यांचा फॉन्ट केला. नाव ठेवलं 'निर्मळ'. वेबसाईट उघडली की काळं पान, त्यावर पांढऱ्या खडूचं काकांचं अक्षर. विरारच्या सातव्या मजल्यावर वाडीचं कुंपण.

फॉन्ट मात्र जुन्या पद्धतीचा, छापखान्यात सगळे करायचे तसा. आतून सगळी इंग्रजी अक्षरं आणि वरून मराठी मुखवटा. काका 'सुतक' टाईप करायचे तेव्हा संगणकाच्या पोटात भलतंच काही साठायचं आणि पडद्यावर फॉन्ट त्याला मराठी चेहरा द्यायचा. म्हणून वेबसाईट उघडणाऱ्या प्रत्येकाला पानाबरोबर फॉन्टही पोचावा लागे. मुखवटा आलाच नाही, तर खालचा चेहरा उघडा.

नऊ वर्षं मुखवटा वेळेवर येत राहिला. काकांचा मोबाईल बटणांचा, त्यावर इंटरनेट नाही. त्यांचं सगळं घरच्या संगणकावर आणि घरच्या फोनवर. फळा लागला की थोड्या वेळात फोन सुरू. पहिला विरारहून आत्मारामचा. आत्माराम म्हणजे चुलतभाऊ, काकांहून दोन वर्षांनी मोठा, ज्याला हॅलो म्हणायची सवय नाही, थेट चूक सांगायची सवय.

"तिचं नाव काशी नाही, काशीबाई."

"ओळीत जागा पुरत नव्हती."

"माणूस गेलं तुळशी, आणि तुला जागा पुरत नाही."

काका फोन ठेवायचे, 'बाई' जोडायचे, आणि त्या दिवशी जरा ताठ चालायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात प्रेमलताताई गेल्या. सकाळी उठल्या नाहीत, एवढंच. काकांनी फळ्यावर लिहिलं आणि दुपारपर्यंत वाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या कार्तिकात, वर्ष भरायला महिना असताना, वेबसाईट ठेवणाऱ्या कंपनीने कळवलं की ती बंद होतेय, आपलं सामान हलवा. काकांनी ते काम कुणावर सोपवलं नाही. दुसरी कंपनी शोधली, जुन्या सर्व्हरवरची एकेक फाईल उचलून नव्यावर ठेवली, दोनदा ताडून बघितली. मग फळ्यावर लिहिलं: मार्गशीर्ष वद्य पंचमी, रविवार, प्रेमलताचं वर्षश्राद्ध. सर्वांनी जेवायला यावे. वेगळा फोन करीत नाही, फळा हेच बोलावणे.

चाळीस पानं मांडली. आले दोघं. एक गुरुजी, ज्यांना यावंच लागतं. दुसरे शेजारच्या वाडीतले ऑस्करकाका. ते घरात त्यांच्या बोलीत बोलतात, काकांशी बोलताना मराठीवर येतात, आणि दोन्हींत सारखाच संथपणा. वाक्याच्या मधे थांबतात तेव्हा वाटतं पंपाची वीज गेली.

"तुळशी. माणसं कुठेत?"

"येतील."

"दीड वाजला."

"तू बस."

"मी बसतो. पण मी एकच आहे रे. चाळीसांचं माझ्याच्याने नाही होणार."

तरी त्यांनी तीनदा भात घेतला. संध्याकाळी उरलेलं सगळं त्यांच्या वाडीतल्या माणसांना नेलं, पातेली घासून परत आणून दिली. काका ओटीवर बसले होते ते उठले नाहीत. फोन वाजला नव्हता. आपण वाजवावा असं त्यांना वाटलं नाही. फळा रोज सगळे वाचतात. म्हणजे वाचलं, आणि आले नाहीत. छापखान्यातल्या माणसाला यात तिसरी शक्यता सुचत नाही.

त्या दिवसापासून काका भावकीत कुणाकडे गेले नाहीत. दोन लग्नं झाली, एक बारसं झालं. फळा मात्र रोज लागायचा, कारण ते काम होतं. बातमी सांगणारं कुणी उरलं नाही, तसा फळा हळूहळू वाडीचाच होत गेला. 'तिसऱ्या ओळीतल्या केळीला केळफूल आले.' 'विहिरीचे पाणी दोन हात खाली.' 'आज ऑस्कर सर्दीने आजारी.' ऑस्करला सर्दी झाली हे ऑस्करला माहीत होतं. बाकी कुणासाठी लिहायचे कोण जाणे.

असे दहा महिने गेले.

नवरात्र संपलं तेव्हा काकांना संगणकावरचा उकार दिसेना झाला. ते बसने विरारला चष्म्याच्या दुकानात गेले. तिथे अश्लेषा नावाची मुलगी डोळे तपासते, आणि ती जे बोलते ते दिवसातून शंभरदा बोलते, त्यामुळे सगळं एका दमात.

"काका हनुवटी इथे ठेवा, कपाळ टेकवा, हलू नका. आता मला सांगा पहिलं क्लिअर की दुसरं क्लिअर? हे की हे? एक की दोन?"

"दोन्ही एकच आहेत."

"नाही काका, वेगळे आहेत. एक की दोन?"

"तीन आहे का?"

ती हसली. नंबर निघाला, तयार काचा एका फ्रेममध्ये बसवून तिने त्यांच्या नाकावर ठेवल्या आणि वाचायला एक कार्ड दिलं. काकांनी कार्ड बाजूला केलं.

"हे नको. तुमच्या मोबाईलवर माझा फळा उघडा. ते अक्षर दिसलं म्हणजे मला दिसलं."

तिने पत्ता विचारला, उघडला, फोन त्यांच्यासमोर धरला. काकांनी बघितलं. फोन लांब नेला. जवळ आणला. काळं पान होतं, त्यावर इंग्रजी अक्षरांची रांग, कुणाच्या डोक्यावर टिंबं, कुणाच्या पोटात रेघ, मधेच डॉलर, मधेच उलटं प्रश्नचिन्ह.

"काचा चुकल्या," काका म्हणाले.

"नाही काका, बरोबर आहेत."

"चुकल्या. मराठीचं इंग्रजी दिसतंय."

अश्लेषाने फोन स्वतःकडे वळवला, भुवया वर केल्या. "काका, मला पण सेमच दिसतंय. आणि मला चष्मा नाहीये."

मग तिने हाक मारली आणि दुकानातल्या तिघांनी आपापल्या फोनवर फळा उघडला. काका चष्मा घालून एकेक फोन बघत गेले. चारही फोनवर तेच. काचा उत्तम होत्या. कधी नव्हे इतकं स्पष्ट दिसत होतं.

घरी येऊन त्यांनी संगणक लावला. तिथे फळा जसाच्या तसा, ळ शेपटीसकट. काकांनी नव्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडे हर्षवर्धन. त्याचा आवाज इस्त्री केलेला.

"नमस्कार सर, मी हर्षवर्धन, मी आपली काय मदत करू शकतो?"

काकांनी सांगितलं.

"सर, आमच्या एंडने आपली साईट अप आहे."

"अप म्हणजे?"

"म्हणजे दिसते आहे सर."

"तुम्हांला काय दिसतंय?"

हर्षवर्धन थांबला. "सर, काहीतरी लँग्वेज दिसते आहे."

"कुठली?"

"सर, ते आपणच सांगू शकाल."

"मी मराठीत लिहिलंय."

"ओके सर. मग सर, आपण एकदा कॅशे क्लिअर करून बघा. आणखी काही मदत करू शकतो का?"

"ही तरी कुठे केलीत," काका म्हणाले, पण इतक्या सभ्यपणे की हर्षवर्धनने आभार मानून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी कागद घेतला आणि कारणं लिहून काढली. आपल्याला दिसतं, जगाला दिसत नाही. मग आपल्याकडे असं काय आहे जे जगाकडे नाही? उत्तर लाजिरवाणं सोपं होतं. फॉन्ट त्यांनीच केलेला, त्यामुळे तो त्यांच्या संगणकावर बसवलेला होता. पानात सूचना होती: आधी या मशीनवर 'निर्मळ' आहे का बघ, असला तर तोच घे, नसला तर सर्व्हरकडून माग. काकांच्या मशीनने अकरा महिने सर्व्हरला विचारलंच नव्हतं.

त्यांनी फॉन्ट संगणकावरून काढून टाकला आणि फळा पुन्हा उघडला.

केळफूल गेलं. विहीर गेली. काका पान खाली सरकवत गेले, आश्विन, भाद्रपद, श्रावण, सगळीकडे टिंबं आणि डॉलर. मार्गशीर्षापाशी थांबले. प्रेमलता कुठे लिहिलंय ते त्यांना जागेवरून कळलं, वाचून नाही. दुसऱ्या ओळीत चौथा शब्द. तिथे एक आकडा आणि तीन स्वल्पविराम होते.

ऑस्करकाका केळीचा घड द्यायला आले तेव्हा काका तसेच बसलेले.

"काय झालं?"

"त्यांनी वाचलंच नाही ऑस्कर."

"कुणी?"

"कुणीच."

ऑस्करकाकांची वीज बराच वेळ गेली. "मग चांगलंच झालं की," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे रागवायचं कारण नाही."

"आधी दुरुस्त करू दे. मग कळेल."

दुरुस्तीला दोन दिवस लागले. ब्राउझरमध्ये एक खिडकी असते, पानाच्या पोटात काय बिघडलं ते सांगणारी. ती उघडली तर लाल ओळ: फॉन्ट अडवला. काकांनी नेटवरून तिचा अर्थ लावला. फळ्याचे पत्ते दोन, एक आधी तीन डब्ल्यू असलेला, एक नसलेला. माणसाला दोन्ही सारखेच. ब्राउझरला ती दोन वेगळी घरं. लोक यायचे बिनडब्ल्यूच्या घरी आणि फॉन्ट ठेवलेला डब्ल्यूच्या घरात. अशा वेळी ब्राउझर फॉन्टवाल्या घराला विचारतो, तुमची अक्षरं शेजारी वापरली तर चालतील का? घराने 'चालतील' असं स्पष्ट म्हणावं लागतं. गप्प राहिलं की ब्राउझर त्याचा अर्थ 'नाही' असाच धरतो.

जुनं घर 'चालतील' म्हणायचं. नवं का म्हणेना? काकांनी जुन्या बॅकअपची सीडी काढली, आणि तिथे ती फाईल होती. सर्व्हरने कसं वागावं हे सांगणारी, नावाच्या आधीच एक टिंब असलेली. टिंबाने सुरू होणारी फाईल यादीत लपलेली असते, मुद्दाम दाखव म्हटल्याशिवाय दिसत नाही. काकांनी फायली दोनदा ताडल्या होत्या. ती दोन्ही वेळा लपलेली होती.

जुनी फाईल नव्या सर्व्हरला तशीच चालेना, म्हणून त्यांनी हाताने नवी लिहिली. एक ओळ: या शेपटीच्या फायली फॉन्ट आहेत, त्यांना फॉन्टच म्हण. दुसरी: त्या कुणीही मागितल्या तरी दे. पुढे: बिनडब्ल्यूचा माणूस आला तर त्याला डब्ल्यूच्या दारात आणून सोड. फाईल चढवली, पान उघडलं, आणि अख्खा फळाच गेला. पांढऱ्या पानावर 'पाचशे' एवढाच आकडा. टिंबंही नाहीत, डॉलरही नाहीत.

काका उठले, सोनटक्क्याला पाणी घातलं, हात पुसले, परत बसले. एक कंस उघडून बंद करायचा राहिला होता. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे कंस तपासलेल्या माणसाने तो बंद केला, फाईल पुन्हा चढवली. अक्षरं आली. मार्गशीर्ष वद्य पंचमी, रविवार.

आणि इथे तुळशीकाका अडले. बिघाड होता तोवर एक सोय होती: कुणी आलं नाही, तो सर्व्हरचा दोष. आता सर्व्हर बोलायला लागला होता. माणसांना विचारायचं बाकी होतं.

तीन दिवसांनी ते विरारला गेले. नवा चष्मा घालून, आत्मारामच्या सातव्या मजल्यावर. दार विनयावहिनींनी उघडलं.

"तुळशीभावजी," त्या म्हणाल्या आणि पुढे काय म्हणावं ते न सुचून, "लिफ्ट चालू होती ना?"

आत्माराम सोफ्यावर गुडघ्यावर गरम पिशवी ठेवून बसला होता. काका पाणी प्यायले आणि म्हणाले, "मोबाईल काढ. फळा उघड."

"तो दिसत नाही रे."

"उघड."

आत्मारामने चष्मा कपाळावर चढवला, फोन हातभर लांब धरला. "अरे. दिसतोय."

"खाली जा. मार्गशीर्षाला."

आत्माराम बोटाने पान ढकलत राहिला. मग वाचायला लागला, त्याच्या नेहमीच्या आवाजात, चूक शोधणाऱ्या. "मार्गशीर्ष वद्य पंचमी. रविवार. प्रेमलताचं..." त्याने उरलेलं मनात वाचलं. फोन टीपॉयवर उपडा ठेवला.

"तू बोलावलं होतंस."

"हो."

"आम्हांला वाटलं, तू एकट्यानेच उरकलंस. आम्ही नको होतो तुला."

विनयावहिनींनी स्वतःचा फोन आणला. भावकीचा ग्रुप होता, ज्यात तुळशीकाका नव्हते. गेल्या कार्तिकातलं त्यांनी शोधून दाखवलं. बोरिवलीची रिद्धी: 'काकांची साईट कोणाला नीट दिसते का, मला चायनीज दिसतंय.' दोह्याचा अनुज: 'सेम.' आगाशीचा विलास: 'माझा फोनच जुना आहे, त्यामुळे असेल.' मग आणखी एक: 'कुणीतरी सांगा त्याला.' हे आत्मारामचं. त्याखाली चौदा अंगठे.

काकांनी ते दोनदा वाचलं. "चौदा," ते म्हणाले.

"प्रत्येकाला वाटलं दुसरा सांगेल," वहिनी म्हणाल्या. "मला तर तिथी पाठ होती, भावजी. सकाळी उठून म्हटलंही यांना, आज ताईंचं. पण बोलावणं नाही, तर कसं जायचं?"

"फोन करायचा होतास," आत्माराम म्हणाला.

"तू करायचा होतास."

खालून सोसायटीचा माळी कुणाला तरी ओरडत होता.

"खरं सांगू तुळशी?" आत्माराम गुडघ्याकडे बघत होता. "तेव्हा वाचता आलं असतं तरी मी आलो असतो का, ते मला आज नाही सांगता येत. गुडघा होता. सोसायटीची मीटिंग होती. दिसत नव्हतं ते बरंच पडलं मला. 'कुणीतरी सांगा' लिहिलं आणि मोकळा झालो."

काका वाक्य जुळवत असावेत. मग एवढंच म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस."

"रागावलास?"

"दहा महिने रागावूनच होतो. आता कशावर रागवायचं ते परत बघावं लागेल."

वहिनींनी जेवायला थांबवलं. पानावर आमटी होती, त्यावर कुणी काही बोललं नाही. निघताना आत्माराम दारापर्यंत आला, भिंतीला धरून.

"यंदा प्रेमलताचं कधी येतंय?"

"पंधरा डिसेंबरच्या आसपास. बघून सांगतो."

"फळ्यावर लिही."

"लिहीन. फोनही करीन."

"येऊ रे," आत्माराम म्हणाला, आणि मग जरा थांबून, "बघू. गुडघ्यावर आहे."

लिफ्टमध्ये काका एकटेच होते. सात मजले उतरताना त्यांनी नव्या चष्म्याच्या काचा धोतराच्या सोग्याने पुसल्या, पुन्हा पुसल्या.

घरी आल्यावर त्यांनी संध्याकाळच्या आत फळ्यावर लिहिलं: 'विरारला आत्मारामकडे जाऊन आलो. त्याचा गुडघा दुखतो. विनयावहिनी बऱ्या आहेत.' मग संगणकावर फॉन्ट परत बसवायला म्हणून ते फॉन्टची फाईल उघडून बसले आणि त्यांनी तो बसवला नाही. अजूनही बसवलेला नाही. आता तेही सगळ्यांसारखे सर्व्हरकडे अक्षरं मागतात. पान उघडलं की आधी क्षणभर काहीच नसतं, नुसतं काळं. अक्षरं तिकडून निघालेली असतात, पोचलेली नसतात. तेवढा वेळ काका माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवतात. मग अक्षरं येतात, आणि ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचून काढतात, दुसऱ्या कुणी आपल्याला लिहून पाठवल्यासारखं.